गुरुवारची हजेरी

आमच्या कंपनीत वर्षातून दोनदा आगीची मॉक ड्रिल होते. भोंगा वाजला की हातातले काम टाकून सगळ्यांनी गेटजवळच्या मोकळ्या जागेत जमायचे आणि प्रत्येक विभागातल्या एकाने आपापल्या माणसांची हजेरी घ्यायची. आमच्या विभागाची मी घेतो. बाकीचे विभाग दोन मिनिटांत मोकळे होऊन चहाला जातात, आमचा सगळ्यांत शेवटी सुटतो. कारण नाव पुकारल्यावर नुसती ओ आली की माझे भागत नाही. मी त्या माणसापुढे जाऊन उभा राहतो, त्याचे तोंड बघतो आणि मगच यादीत खूण करतो. पोरे मागून हसतात. मागच्या खेपेला एकाने आधार कार्ड पुढे केले. मी तेही बघितले, त्याचे काय बिघडले?

ही सवय मला कुरुळीच्या एका घरमालकामुळे लागली. परभणीहून डिप्लोमा करून मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्याकडे तीन वर्षे भाड्याने होतो. सगळे भाडेकरू त्यांना मालकच म्हणायचे, म्हणून मीही इथे तसेच म्हणतो.

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी कंपनी विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न झाले का तेही विचारले नाही. फक्त गाव विचारले, आणि हाक मारली की ओ देता का, एवढेच. मला वाटले, म्हातारा गंमत करतोय. मी हो म्हणालो. तर त्यांनी मला ओट्यावर उभे केले, स्वतः घरामागे गेले आणि तिकडून ‘परभणीऽ’ अशी हाक मारली. आयुष्यात मला कुणी जिल्ह्याच्या नावाने हाक मारली नव्हती. मी इकडेतिकडे बघत राहिलो. दुसऱ्या हाकेला कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि मी ओ दिली. ते परत आले आणि म्हणाले, “दुसऱ्या हाकंला दिली. हितं पयल्या हाकंला द्यावी लागती.” पण खोली मिळाली.

घराच्या बाजूला ओळीने आठ खोल्या होत्या. मालक कुठल्याही भाडेकरूला नावाने ओळखत नसत. लातूर, जळगाव, चिपळूण, सांगोला. एका जिल्ह्याचे किंवा एका गावचे दोघे त्यांनी कधी ठेवले नाहीत, का, तर हाक मारताना घोळ होतो. एकदा लातूरचे एक चांगले कुटुंब खोली बघायला आले, तर आमचा लातूर गाव सोडून जाईपर्यंत थांबा म्हणून त्यांना परत पाठवले. माझा खोलीतला जोडीदार नांदेड होता. त्याचे लग्न झालेले होते, बायको गावी होती, आणि तो एका फोर्जिंगच्या कंपनीत तिन्ही शिफ्ट करायचा.

हे हाकेचे आणि ओचे प्रकरण मला पहिल्या गुरुवारी कळले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची असते. त्या दिवशी सकाळी दहाला घरामागे घंटा झाली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला. घंटा झाली की सगळ्या भाडेकरूंनी, तिसरी पाळी करून झोपलेल्यांनीसुद्धा, उठून पुढच्या ओट्यावर येऊन बसायचे. मालकीणबाईसुद्धा, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, गॅस बंद करून निवडायचे ताट घेऊन ओट्यावर यायच्या. मग घरामागून मालक एकेकाला हाक मारत आणि आम्ही इकडून ओ देत असू. सगळ्यांची ओ आली की थोडा वेळ शांतता, आणि मग दाणकन बार. खिडक्यांची तावदाने थरथरायची. असे पाच बार. प्रत्येक बाराआधी पुन्हा पहिल्यापासून हजेरी.

मालकांकडे चकमकीची रायफल होती. ठासणीची. आजोबांच्या वेळेपासून घरात होती आणि परवाना रानडुकरांपासून पीक राखायचा होता. पीक आता कुठले राहिले? जमीन एमआयडीसीत गेली, डुकरे कुठे गेली ती त्यांनाच माहीत. उरला होता घरामागचा अर्धा एकर, आणि रायफल. गावातले लोक तिला बंदूक म्हणत. मालक दर वेळी दुरुस्त करत, की नळीत आतून आटे आहेत, तेव्हा रायफल म्हणा. त्यांच्या रागावण्याला कुणी दाद देत नसे.

हे हत्यार मी आधी कधी बघितले नव्हते. त्याच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या पडतात, बाहेरच्या वाटीतली दारू भडकते, ती आग एका बारीक भोकातून नळीत शिरते आणि मग बार होतो. त्या भोकाला मालक कान म्हणत. तो कान काजळीने बुजला की वाटीतली दारू नुसतीच फस्स करते आणि गोळी आत राहते. म्हणून दर बाराआधी मालक कानात पिन फिरवत. पिन म्हणजे जुन्या स्टोव्हची, पत्र्याच्या मुठीची. ती घराच्या मागच्या दाराच्या चौकटीला खिळ्यावर लटकलेली असे.

त्या अर्ध्या एकरात त्यांनी जे करून ठेवले होते ते कुठल्याही कंपनीच्या सेफ्टीवाल्याने येऊन बघावे असे होते. शेजारी कारखान्याची पायाभरणी झाली तेव्हाची माती त्यांनी डंपरवाल्यांच्या मागे लागून मागून घेतली होती. तिचा दोन पुरुष उंच बांध, घोड्याच्या नालेसारखा, तिन्ही बाजूंनी. त्याच्या आत मातीने ठासलेल्या टायरांच्या रांगा. मधोमध कंपनीच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्याचे निशाण, कोळशाने काढलेला गोल. तिथून साठ पावलांवर चुन्याची रेघ, आणि ती रेघ ओलांडायची नाही म्हणजे नाही. रायफल भरली की बांबूवर लाल फडके चढायचे. गोळ्या किती झाडल्या ते मालक मागच्या भिंतीवर रेघा मारून ठेवत, आणि उन्हाळ्यात बांधाची माती चाळून शिशाचे चपटे तुकडे काढत. रेघा आणि तुकडे जुळले पाहिजेत. एका वर्षी एक तुकडा कमी भरला तर त्यांनी सलग चार दिवस माती चाळली. तो अखेर एका टायरात सापडला तेव्हा त्यांनी तो मला आणून दाखवला, जणू हरवलेली शेळी घरी आली.

माझी आणि त्यांची दोस्ती वर्निअरमुळे, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीमुळे, झाली. मालक जमीन जायच्या आधी आणि नंतरही पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर जन्म गेलेला. स्वतः ओतलेल्या गोळ्या एकसारख्या आहेत का हे त्यांना मोजून हवे असायचे आणि डोळे आता बारीक रेघा वाचत नव्हते. मी बुधवारी संध्याकाळी पंचवीस-तीस गोळ्या मोजून द्यायचो. दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाली की ती गोळी पुन्हा वितळवायला जायची. आमच्या कंपनीतसुद्धा इतके कडक चालत नव्हते, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

नेम मात्र त्यांचा बेताचा होता. पाचांतल्या दोन गोळ्या गोलात लागल्या तर दिवस चांगला. त्याचे त्यांना काही वाटत नसे. मी एकदा विचारले की मग एवढा खटाटोप कशाला. ते म्हणाले की बरोबर भरायची, बरोबर उडवायची आणि संध्याकाळी घरातली सगळी माणसे जिथल्या तिथे, एवढे जमले की नेम लागला.

अभिमान त्यांना होता तो कानांचा. लेथवर असताना कापायचे टूल बोथट झालेले त्यांना आवाजावरून कळायचे, बाकीच्यांना जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बिघडल्यावर. “मशिन कानानं चालवायची, डोळं मापाला ठिवायचं,” असे ते म्हणत. शेजारच्या बोअरची मोटर जळायच्या आठ दिवस आधी त्यांनी सांगितले होते. गावच्या भजनात ते पखवाजाला बसत आणि कुणाचा टाळ केसाएवढा मागे पडला तरी त्याच्याकडे बघत. भाडेकरूंच्या नुसत्या ओवरून ते कोण आहे, ताप आहे का, रात्री घेतलेली उतरली का, सगळे सांगायचे. म्हणूनच तर घरामागून हजेरी चालायची. त्यांना बघायची गरज वाटत नव्हती.

मावशींना ती बंदूक डोळ्यांपुढे नको होती. लग्न होऊन आल्या तेव्हापासून नको होती. सासऱ्यांनी ती मालकांच्या हाती दिली तेव्हा मावशींनी मालकांना देवापुढे बसवून भंडारा उचलायला लावला होता. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेले या भागात कुणी खोटे करत नाही. मालक बोलले होते, की ज्या दिवशी माझ्या नळीसमोर माणूस येईल, त्या दिवशी ही वस्तू घराबाहेर जाईल. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती. मावशी हे मला सांगायच्या ते कौतुकानेही आणि जरा निराशेनेही. म्हणायच्या, “भाऊ, हा मानूस चुकतच न्हाई.”

निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मालक रायफल मावशींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या मोटरसायकलवर मागे बसत आणि आम्ही चाकणला जाऊन ती जमा करत असू. तिथला एक तरुण शिपाई दर वेळी विचारी, आजोबा ही चालते का. मालक म्हणत, मी चालतो तोवर ती चालंल. जमा असलेल्या दिवसांत मालक घरात सुतक असल्यासारखे वागायचे. केस कापत नसत. निकाल लागला की कोण निवडून आले ते न विचारता थेट चाकणला.

आता मुद्द्यावर येतो. इथवर टाळले, कारण पुढचे माझ्या अंगाशी येणारे आहे.

शिमग्याचे दिवस होते. चिपळूण गावी गेला होता, त्याच्या मागोमाग बाकीचेही कुणी गावी, कुणी ओव्हरटाइमला. त्या गुरुवारी आठ खोल्यांत मी आणि नांदेड दोघेच. नांदेड तिसरी पाळी करून सकाळी आला होता आणि अंगावर पांघरूण ओढून पडला होता. मी अंघोळीला गेलो, तिकडेच कपडे धुतले, आणि घंटा झाली तसा ओल्या हाताने थेट ओट्यावर जाऊन बसलो. समोर मावशी मटकी निवडत होत्या. मनात आले, लागोपाठ सहा दिवस तिसरी पाळी केलीय बिचाऱ्याने, झोपू दे.

आमच्या कंपनीत तेव्हा कंत्राटी मुलांची हजेरी वहीत असायची. बस उशिरा आली की जो आधी पोचेल तो चौघांच्या सह्या ठोकून मोकळा व्हायचा. आज मी तुझी, उद्या तू माझी. यात कुणाला गैर वाटत नसे. ती चांगुलपणाचीच गोष्ट होती, न करणारा खडूस ठरायचा.

घरामागून हाक आली, ‘परभणीऽ’. मी ओ दिली. मावशींची झाली. मग ‘नांदेडऽ’. मी मान जरा वळवली, नांदेड जशी द्यायचा तशी लांबवून, झोपाळलेली ओ दिली. मराठवाड्याचाच हेल, मला तो काय अवघड. मावशींनी ताटातून मान वर करून माझ्याकडे बघितले आणि पुन्हा खाली घातली.

मग नेहमीची शांतता. मग बार व्हायचा, तर नुसतेच फस्स झाले.

असे फसले की मालक जागचे हलत नसत. गोळी आत असते, आग मागाहूनही लागू शकते, म्हणून नळी निशाणाकडे धरून मनात साठ आकडे मोजायचे आणि तोवर घरातही कुणी हलायचे नाही, हा नियम. आम्ही बसलो होतो. आणि घरामागून, बांधाच्या बाजूने, नांदेडचा हसरा आवाज आला.

“मालक, पोरगी झाली हो.”

दुसरे कुठलेच शब्द ऐकू आले नाहीत. मावशी ताट मांडीवर धरून माझ्याकडे बघत होत्या. जावे की बसावे हे कळत नव्हते, आणि हलायचे नाही हा नियम होता, म्हणून मी बसून राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग मोकळीक झाल्याच्या तीन घंटा झाल्या.

काय झाले ते नांदेडने नंतर सांगितले. सासऱ्यांचा फोन आला तसा तो झोपेतच उठून मागच्या दाराने बांधापलीकडे गेला होता. खोल्यांच्या भिंती पातळ, म्हणून बायकोशी बोलायला तो नेहमी तिकडेच जायचा. घंटेआधी मालक बांधाभोवती फेरी मारून पलीकडे कुणी नाही ना ते बघायचे, ती फेरी तेव्हा होऊन गेली होती. घंटा त्याने ऐकली, पण ती डोक्यात शिरली नाही. मुलगी झाल्याचे ऐकले आणि सगळ्यांत जवळच्या वाटेने, बांधाच्या टोकाला वळसा घालून, निशाणापुढून सरळ मालकांकडे चालत सुटला. धूर विरला तेव्हा त्याला नळी दिसली. मालकांनी ती तोवर आभाळाकडे केली होती. दोघेही तसेच उभे राहिले, मालक ओठ हलवत साठपर्यंत मोजत, आणि हा कानाला फोन लावून. मग मालकांनी नळीत पाणी ओतले, रायफल खाली ठेवली आणि त्याला विचारले, बाळबाळंतीण बरी हायेत का.

बार फसला कारण कान बुजला होता. त्या सकाळी पिन खिळ्यावर नव्हती. गॅसचा बर्नर तुंबला म्हणून मावशींनी ती नेली होती आणि शेगडीपाशीच विसरल्या होत्या. मालकांनी शोधली, सापडली नाही, आणि जन्मात पहिल्यांदा ते स्वतःशी म्हणाले की चालतंय.

दुपारी त्यांनी मला बोलावले. ते बांधापाशी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “तुमी वट्यावर व्हता. नांदेडनं ओ दिलेली तुमी ऐकली का?”

खरे सांगायला तेव्हा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, माझे लक्ष नव्हते.

त्यांनी मान हलवली. “मला ऐकू आली,” ते म्हणाले. “चांगली लांबलेली ओ ऐकली मी. आन मानूस बांधामागं. म्हंजी कान गेलं माजं.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी त्यांना चाकणला नेले. निवडणूक नव्हती. शिपायाने विचारले, काय आजोबा, आत्ता कशी काय आणली? मालकांनी परवाना आणि रायफल टेबलावर ठेवली आणि आता नको म्हणून अर्ज लिहून दिला. तो अर्ज मीच त्यांच्या वतीने लिहिला, कारण म्हणून वय लिहा म्हणाले. येताना लुगड्याची घडी काखेत धरून ते मागे बसले होते. कुरुळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही. बोललो असतो तर तिथेच गाडी वळवता आली असती, असे मला तेव्हा वाटत होते.

त्याच संध्याकाळी मावशी पाण्याच्या टाकीपाशी मला गाठून म्हणाल्या, “मी बघितलंय भाऊ. ओ तुमी दिली. पर गप ऱ्हावा. जे झालं ते देवानं बऱ्यासाठी केलं.” स्टोव्हची पिन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून दिली होती. मला तर त्यांचे हे गप्प राहा म्हणणेच हवे होते. मी गप्प राहिलो आणि मनाशी म्हणालो, मावशीच नको म्हणतात, आपण कोण सांगणारे.

पण मालकांचे काहीतरी भलतेच होऊन बसले. बंदूक गेल्याचे दुःख ते करत नव्हते, ते बहिरे व्हायला लागले. खरोखर नव्हे. कान उत्तम होते. पण ऐकलेल्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. मावशींनी जेवायला हाक मारली की ते उठून स्वयंपाकघरात जात आणि विचारत, हाक मारली का? कुणी काही बोलले की दोन-दोनदा वदवून घेत. पखवाज त्यांनी गवसणीत घालून माळ्यावर ठेवला आणि भजनाला जाणे सोडले. चुकीचा ठेका देऊन देवापुढे हसे नको, म्हणाले. शेजाऱ्याची मोटर पुन्हा घरघरायला लागली, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि ती जळाली. गुरुवारी दहाला ते खुर्चीवर बसून राहायचे. घरातला सगळ्यांत बोलका माणूस दोन महिन्यांत मुका झाला, आणि ते माझ्यामुळे झाले हे फक्त मला आणि मावशींना माहीत होते.

एका बुधवारी मावशी खोलीच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. “सांगा त्येंना,” म्हणाल्या. “बंदूक माघारी आली तरी चालंल. पर ह्यो मानूस मला असा नगं.” आणि पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या. चाळीस वर्षे त्या बंदुकीशी भांडलेली बाई होती ती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाला मी बांधापाशी जाऊन सांगितले. सगळे सांगितले, त्या दुपारी खोटे बोललो तेही. मालक रागावतील, मारतील, मी तयारीने गेलो होतो. त्यांनी फक्त विचारले, “म्हंजी ओ आली व्हती?”

“आली होती.”

“लांबवून?”

“हो. त्याच्यासारखी.”

ते खुर्चीतून उठले. “तरीच. तुमी ओ तोडता, नांदेड लांबवतो. ती लांबलेलीच व्हती,” ते म्हणाले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “अवो, मला ऐकू येतंय,” असे ओरडत घरात गेले. मावशींनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही, पण त्यांना आले असणार. संध्याकाळी माळ्यावरून पखवाज उतरला. रात्री देवळातून त्याचा आवाज येत होता आणि मी खोलीत पडून ऐकत होतो. दोन महिन्यांनी मला नीट झोप लागली.

सकाळी दार वाजले. मालक होते. अंघोळ करून, गंध लावून, कुठल्याशा कामाला निघाल्यासारखे.

“म्हैनाअखेर खोली सोडा,” ते म्हणाले.

मग म्हणाले, “राग न्हाई बरं का. खोटं बोलला त्येचाबी न्हाई, भ्याला व्हता तुमी. पर दुसऱ्याची ओ देनारा मानूस घरात असला की मला परत्येक ओ वळून बघाया लागंल. म्हातारपनी त्ये जमायचं न्हाई.”

मी विचारले, रायफल परत आणायची का, मी ठाण्यात येऊन सगळे लिहून देतो. त्यावर मात्र ते चिडले. “भंडारा खोटा करू व्हय? मानूस नळीम्होरं आला व्हता. ओ कुनी दिली ह्ये मागनं.” तेवढे बोलून ते गेले. रायफल परत आली नाही. मावशींना दोन्ही मिळाले, नवराही आणि बिनबंदुकीचे घरही. त्यांनी मला निघताना डबाभर पुरणपोळ्या दिल्या.

मला तळवड्याला खोली मिळाली. सामान हलवायला सुट्टी हवी, म्हणून गुरुवारच निघाला. नांदेड टेम्पोत गादी बांधत होता. त्याला मी सगळे सांगितले होते. त्याने मला शिवी दिली, मग मुलीचा फोटो दाखवला, आणि कामाला लागला. कॉट उचलायला मालक स्वतः आले, पुढची बाजू त्यांनी धरली. मग घरामागे निघून गेले.

मी फाटकाजवळ टेम्पोच्या फळीला कडी लावत होतो. तेवढ्यात मागे रुळाची घंटा झाली. रायफल गेल्यापासून ती वाजली नव्हती. खोल्यांतून माणसे बाहेर आली आणि सवयीने ओट्यावर जाऊन बसली. मावशी आल्या. हाका सुरू झाल्या. लातूर. जळगाव. चिपळूण. एकेकाची ओ गेली. नांदेडने फाटकातून दिली, चांगली लांबवून.

मग हाक आली, ‘परभणीऽ’.

मी ओ दिली. पहिल्या हाकेला.

नेहमी यानंतर शांतता असायची. त्या दिवशी चपलांचा आवाज आला. मालक घराला वळसा घालून पुढे आले, ओट्यासमोरून गेले, फाटकापर्यंत चालत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितले, अगदी वर्निअरची रेघ बघावी तसे डोळे बारीक करून. “हाय,” ते म्हणाले, आणि हजेरी पुरी करायला मागे निघून गेले.